जुनी पिकअप: कोणते काम आपले, कोणते गॅरेजचे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: या वाचकाकडे वडिलांनी वापरलेली १९ वर्षांची डिझेल पिकअप आहे. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक आणि हाताने टाकायचे गिअर असा तिचा साधा बाज आहे. ते तिच्यातून नियमितपणे व्यवसायाचा माल नेतात. सध्या तिच्या तीन तक्रारी आहेत. सकाळी स्टार्टर संथ फिरतो. हौदा भरलेला असला की ब्रेकचे पेडल खोल जाते आणि ब्रेक लावताना गाडी डावीकडे ओढते. गिअर टाकून क्लच सोडताना खालून ‘खट्’ असा आवाज येतो. गॅरेजने दुरुस्तीची लांबलचक यादी हातात ठेवल्यावर त्यांनी सगळे काम स्वतःच करायचे ठरवले. व्हिडिओ पाहून आधी नवी बॅटरी बसवली, मग नवा स्टार्टर बसवला, पण फरक पडला नाही. आता ते ब्रेक उघडण्याच्या तयारीत आहेत. ते लिहितात, “वडील कधी गॅरेजची पायरी चढले नाहीत, आणि मला पहिल्याच कामात अपयश आले.” ते एकटेच गाडीखाली शिरतात याची त्यांच्या पत्नीला धास्ती वाटते आणि गाडी विकून टाकावी असे तिचे मत आहे. वाचक विचारतात, “हे मला जमण्यासारखे आहे का, की गाडी विकावी?”

उत्तर:

उत्तराची सुरुवात एका विनंतीने करतो, कारण ती थांबू शकत नाही. ब्रेकचा दोष सापडून दूर होईपर्यंत हौद्यात माल भरू नका. पेडल खोल जाणे आणि गाडी एका बाजूला ओढणे ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसत असतील, तर रिकामी गाडीसुद्धा गॅरेजपर्यंत नेण्यापुरतीच रस्त्यावर काढावी, आणि पेडल हळूहळू खाली बसत असेल तर तेवढीही काढू नये. तोवर माल दुसऱ्या गाडीने जाऊ द्या.

आता तुमचा प्रश्न. पत्रात तुम्ही आवाज नेमका केव्हा येतो, पेडल केव्हा खोल जाते हे ज्या बारकाईने लिहिले आहे, ते पाहता दुरुस्तीचे काम तुम्हाला शिकता येईल याविषयी मला शंका नाही. माझे मतभेद आहेत ते तुमच्या मांडणीशी. ‘सगळे मी करीन’ किंवा ‘गाडी विकीन’ असे दोनच रस्ते तुम्ही समोर ठेवले आहेत, आणि जुनी गाडी सांभाळणारे फारच थोडे लोक या दोनांपैकी एका रस्त्याने जातात. प्रत्येक काम हाती घेण्यापूर्वी स्वतःला असे विचारून पाहा, की हे माझ्या हातून चुकले तर काय होईल. स्टार्टरच्या वायरचा नट सैल राहिला, तर गाडी सुरू होणार नाही आणि तुम्ही दारातच थांबाल. ब्रेकच्या पाइपचा जोड सैल राहिला, तर गाडी थांबणार नाही, आणि ते कळेल तेव्हा रस्त्यावर तुमच्याखेरीज इतर माणसेही असतील. पहिल्या प्रकारची कामे निर्धास्तपणे शिकावीत. दुसऱ्या प्रकारची कामे शिकतानाही शेजारी जाणकार असावा.

गाडी ठेवायची की विकायची, हे मात्र इंजिन किंवा ब्रेक पाहून ठरवू नका. ते चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पाहून ठरवा, आणि आणखी एकही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी ठरवा. स्टार्टर, क्लच, रेडिएटर, इतकेच काय इंजिनसुद्धा बदलता येते. पण ज्या दोन लांब पोलादी दांड्यांवर हे सारे बसवलेले असते, ते आतून कुजले असतील तर वर घातलेला खर्च वाया जातो. खालची माती पाण्याने धुऊन काढा, गाडी वाळू द्या आणि लहान हातोडीने दांडे टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. शाबूत पोलाद खणखणीत वाजते. गंजाने खाल्लेल्या जागी आवाज बद्द येतो, पापुद्रे गळतात आणि टोकदार स्क्रूड्रायव्हर जोराने दाबला तर आत शिरतो. मागच्या एक्सलवरून (मागची दोन चाके जोडणाऱ्या आडव्या आसावरून) दांडा कमान घेऊन जातो तो भाग, पाट्यांच्या दोन्ही टोकांची ब्रॅकेट, स्टिअरिंग बॉक्स बोल्टने बसवलेली जागा आणि चिखल साचून राहणारे आतले कोपरे विशेष तपासा. एखाद्या ठिकाणी काळा रंग किंवा डांबरी लेप जाडसर दिसला, तर त्याच्याखाली काय आहे ते खरवडून पाहा. वरवरचा गंज हा चिंतेचा विषय नाही. तो घासून, गंजरोधक लावून रोखता येतो. परंतु पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ किंवा स्टिअरिंग बॉक्सजवळ भोक पडले असेल, तर तिथे घरी वेल्डिंग करण्याचा विचारही करू नका. चॅसीचे काम करणाऱ्या माणसाने ती दुरुस्तीयोग्य नाही असे सांगितले, तर तुमच्या पत्नीचे म्हणणे मान्य करा, आणि विकताना घेणाऱ्याला हा दोष आवर्जून दाखवा.

चॅसी शाबूत निघाली असे धरून पुढे जातो.

स्टार्टरच्या बाबतीत तुम्ही ‘अपयश’ हा शब्द वापरला आहे, तो मला पटत नाही. बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही तुम्ही नीट बसवलेत; तुमच्या हातांनी आपले काम केले. राहून गेली ती मोजणी. सुटे भाग एकामागून एक बदलत जाण्याची सवय जुन्या गाडीत फार महाग पडते, कारण तिच्यात दोष बहुधा भागांपेक्षा त्यांच्या जोडांमध्ये असतो. संथ फिरणाऱ्या स्टार्टरचे कारण कित्येकदा बॅटरीपासून इंजिन आणि चॅसीकडे जाणारी अर्थिंगची केबल हेच निघते. तिचे टोक गंजलेले असते, किंवा बोल्टखाली रंग आणि तेलाचा थर असतो. डिझेल इंजिन फिरवताना स्टार्टर काही शे अँपिअर विद्युतप्रवाह ओढतो. समजा, अर्थिंगच्या वाटेत केवळ ०.००५ ओहम इतका जादा रोध आहे. ३०० अँपिअरला तेवढ्याने दीड व्होल्ट वाटेतच नाहीसा होतो आणि स्टार्टरपर्यंत पोहोचत नाही. इतका लहान रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहम मापनात दिसत नाही, म्हणून केबल ‘चांगली’ वाटते आणि दोष स्टार्टरवर जातो.

तो शोधायचा तर मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ च्या आसपास दिसले तर बॅटरी निम्मी रिकामी आहे, आणि तिला आधी चार्ज करून मगच पुढची तपासणी करावी. नंतर मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण खांबावर टेकवा. केबलच्या टोकाच्या क्लँपवर टेकवू नका, थेट खांबाच्या शिशावर टेकवा, कारण क्लँप आणि खांब यांच्यामधला गंजही आपल्याला मोजायचा आहे. दुसरी सुई इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर धरा. गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असू द्या, कपडे व वायरी पंख्यापासून दूर ठेवा आणि दुसऱ्या माणसाला किल्ली फिरवायला सांगा. स्टार्टर फिरत असताना मीटरवर दोन-तीन दशांश व्होल्टपर्यंतचा आकडा चालतो. अर्धा व्होल्ट ओलांडला, तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे. हीच मोजणी धन खांबापासून स्टार्टरच्या जाड केबलच्या बोल्टपर्यंत करा. दोन्ही वाटा स्वच्छ निघाल्या आणि स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या दोन खांबांमधला दाब ९.६ व्होल्टच्या बराच खाली कोसळत असला, तर मात्र बॅटरी पुन्हा तपासून घ्यावी लागेल, नवी असली तरीही. केबल साफ करताना ऋण टोक आधी काढावे आणि सर्वांत शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसले, तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आपले काम करत आहे एवढेही त्याच बैठकीत कळून जाईल.

वडिलांचा उल्लेख तुम्ही केला आहे म्हणून त्याविषयीही लिहितो. वडील ज्या बोल्टला पाना लावत होते, तो बोल्ट तेव्हा १९ वर्षांचा नव्हता. आज तोच बोल्ट सोडवायला आदल्या दिवशी गंज सुटण्याचे तेल मारून ठेवावे लागते, सोडवण्याआधी किंचित आवळून पाहावे लागते, आणि तरीही तो तुटू शकतो, हे धरूनच कामाला वेळ द्यावा लागतो. तुमचे काम त्यांच्या कामापेक्षा वेगळे आणि काही बाबतीत अधिक कठीण आहे. त्यांनी गॅरेजची पायरी चढली नाही, म्हणून तुम्ही ती चढण्यात कमीपणा आहे असे मला मुळीच वाटत नाही.

हे ब्रेकच्या बाबतीत विशेष लागू होते. ब्रेक उघडण्याआधी पेडल काय सांगते ते नीट समजून घ्या, कारण खोल जाणारे पेडल तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगू शकते. एकदा दाबल्यावर खोल जाते, पण लागोपाठ दोन-तीनदा दाबले की वर येऊन घट्ट होते, असे असेल तर बहुधा मागच्या ड्रममधले ब्रेक शू (ड्रमला आतून घासणारे भाग) झिजून ड्रमपासून लांब गेले आहेत किंवा त्यांची आपोआप जुळणारी यंत्रणा अडकली आहे. पेडल स्पंजासारखे दबते आणि त्याला टणकपणा येत नाही, तर पाइपांमध्ये हवा आहे. पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू खाली बसत जाते, तर कुठे तरी गळती आहे किंवा पेडलच्या जोराने पाइपांत ब्रेक फ्लुइड ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेले आहे. डावीकडे ओढण्याचा अर्थही सरळ नसतो. गाडी ज्या बाजूचा ब्रेक जास्त लागतो तिकडे ओढते, त्यामुळे दोष उजवीकडच्या कमी लागणाऱ्या ब्रेकमध्ये असू शकतो: जाम झालेला कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), आतून सुजून बंद झालेला रबरी होज, किंवा ग्रीस अथवा फ्लुइड लागून चोपडे झालेले पॅड.

तुमच्या पत्रातील ‘हौदा भरलेला असला की’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. जुन्या पिकअपमध्ये बऱ्याचदा मागच्या एक्सलजवळ एक झडप असते आणि तिची दांडी एक्सलला जोडलेली असते. माल भरला की पाटे दबतात, दांडी हलते आणि झडप मागच्या ब्रेककडे जास्त दाब सोडते. गाडी रिकामी असताना ती तो दाब कमी ठेवते, म्हणजे हलक्या झालेल्या मागच्या चाकांचे घसरणे टळते. ही दांडी गंजून अडकली, तर भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक पुरेसा मिळत नाही आणि सारा भार पुढच्या ब्रेकवर येतो. भार वाहण्यासाठी कोणी पाट्यांमध्ये जादा पान घातले असेल, तरी झडपेचे गणित बिघडते, कारण तेवढ्याच मालाने पाटे आता कमी दबतात. तुमच्या गाडीत अशी झडप आहे का, असल्यास तिची दांडी मोकळी हलते का, आणि पाटे मूळचेच आहेत का, एवढे गाडीखाली डोकावून तुम्हाला पाहता येईल. ही माहिती मेकॅनिकला दिलीत तर त्याचाही वेळ वाचेल.

ब्रेकचे निरीक्षण तुम्ही करावे, दुरुस्ती पहिल्या खेपेला जाणकाराच्या देखरेखीखाली व्हावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. चाक काढून पॅडची जाडी पाहणे, चाकाच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते पाहणे, चॅसीला धरून जाणारे पोलादी ब्रेक पाइप गंजाने फुगले आहेत का ते पाहणे, हे सर्व तुमचे काम. ब्रेकच्या टाकीतील फ्लुइड कमी झाले म्हणून नुसते भरत राहू नका. पॅड झिजत जातात तशी पातळी थोडी उतरतेच, पण ती भराभर उतरत असेल तर फ्लुइड कुठून तरी बाहेर जात आहे. हे फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रकाराचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शिरल्यावर ठरलेली किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये त्या ओलाव्याची वाफ झाली की पेडल जमिनीला टेकते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे, टाकीच्या झाकणावर लिहिलेला प्रकारच वापरावा, सिलिकॉनचे डॉट ५ त्यात मिसळू नये आणि इंजिन ऑइलचा थेंबही त्यात जाऊ देऊ नये, कारण त्याने आतली रबरे फुगतात. पुढे कधी जाणकाराबरोबर ड्रम उघडाल, तेव्हा एका वेळी एकच बाजू सोडवा. स्प्रिंगांची रचना विसरली तर दुसरी बाजू पाहता येते. आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओलसर करून पुसून काढा, कारण शूवरच्या जुन्या लायनिंगमध्ये (घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकते.

‘खट्’ आवाजाचे काम मात्र तुमच्या आवाक्यातले दिसते. गाडी सपाट जागी उभी करा, चारही चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रल ठेवून गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट हाताने दोन्ही दिशांना पिळून पाहा. शाफ्टच्या टोकांना असलेल्या क्रॉसमध्ये, म्हणजे अधिकच्या खुणेसारख्या सांध्यामध्ये, ढिलाई जाणवली, किंवा त्याच्या कपांभोवती तांबूस गंजाची भुकटी दिसली, तर आतले सुईसारखे बेअरिंग कोरडे पडले आहेत. क्रॉस नवा बसवताना शाफ्ट आणि फ्लँज यांवर आधी जुळती खूण करा, नाही तर गाडी वेगात थरथरते. शाफ्ट काढल्यावर गिअर टाकून गाडी थोपवता येत नाही, हेही लक्षात असू द्या. क्रॉस घट्ट असेल, तर पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट आणि गिअरबॉक्सखालचे रबर पाहा. यू-बोल्ट एकदा काढले तर पुन्हा वापरू नयेत.

तुमच्या पत्नीची धास्ती तुम्ही पत्रात ओझरती लिहिली आहे, पण माझ्या मते त्या पूर्णपणे बरोबर आहेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाता कामा नये. जॅक उचलण्यासाठी असतो. धरून ठेवण्याचे काम जॅक स्टँडचे. जमीन टणक आणि सपाट असावी, स्टँड चॅसीच्या भक्कम जागी किंवा एक्सलखाली लावावे, खाली शिरण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून पाहावी आणि काढलेले चाक चॅसीखाली आडवे सरकवून ठेवावे. पिकअपच्या बाबतीत एक धोका अनेकांच्या ध्यानात येत नाही. हँडब्रेक सामान्यतः मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे मागची बाजू उचलली की जमिनीवर टेकलेल्या पुढच्या चाकांना काहीच रोखत नाही. मागचे एकच चाक उचलले तरी गिअरचा आधार सुटतो, कारण दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरेन्शियल उचललेल्या चाकाला मोकळे फिरू देते. म्हणून ठोकळे नेहमी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना, दोन्ही बाजूंनी. गाडीखाली असताना हाकेच्या अंतरावर कोणी तरी असेल, असा घरात नियमच ठरवून टाका. डिझेलच्या उच्च दाबाच्या पाइपांपासूनही दूर राहा. कॉमन रेल, म्हणजे एकाच सामायिक नळीतून सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या, इंजिनात हा दाब १००० बारच्या वर जातो, आणि गळती हाताने चाचपणाऱ्याच्या कातडीतून डिझेल आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालयात जावे लागते.

नेहमीच्या देखभालीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ती तुम्हाला सहज जमेल. जुना ऑइल फिल्टर काढल्यावर त्याचे रबर इंजिनला चिकटून राहिले नाही ना, ते पाहा. गिअरबॉक्स किंवा मागच्या एक्सलचे ऑइल सोडण्यापूर्वी ते भरण्याचा बोल्ट सुटतो याची खात्री करा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. सांडलेले कूलंट लगेच पुसा. ते विषारी असूनही गोडसर असते आणि जनावरे चाटतात. वापरलेले ऑइल गटारात न ओतता गोळा करून योग्य ठिकाणी द्या. इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल आणि तो शेवटचा केव्हा बदलला हे वडिलांच्या कागदपत्रांत सापडत नसेल, तर तो बदललेलाच नाही असे समजून आधी त्याची व्यवस्था करा, आणि हे काम गॅरेजकडे द्या. डिझेल इंजिनात तो तुटला की बहुधा पिस्टन झडपांवर आदळतात.

गॅरेजमध्ये जाताना ‘अमुक भाग बदला’ असे सांगू नका. लक्षणे आणि तुमच्या मोजण्या कागदावर लिहून न्या, प्रत्येक भाग कोणत्या तपासणीवरून बदलायचा आहे ते विचारा, आणि काढलेले भाग पाहायला मागा. जो मेकॅनिक झिजलेला भाग हातात देऊन झीज दाखवतो, त्याच्याकडून ब्रेकचे काम करून घ्या आणि ते होत असताना शेजारी उभे राहण्याची परवानगी मागा. पहिल्या गॅरेजची यादीही फेकून देऊ नका. तिच्यातील प्रत्येक नोंदीसमोर दोष तुम्ही स्वतः पाहिला किंवा मोजला आहे का, एवढे लिहून काढा. ज्यांच्यासमोर ‘नाही’ येईल, त्या नोंदी तपासणीशिवाय कोणाकडूनही करून घेऊ नका.

ब्रेकचे काम झाल्यावर पहिली चाचणी रिकाम्या गाडीने, मोकळ्या जागेत आणि कमी वेगात घ्या. त्यानंतर ५० ते १०० किलोमीटर चालवून चाकांचे नट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने, समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळा. हे झाले की मग हौद्यात माल चढवा, आणि पहिल्या खेपेला नेहमीच्या निम्माच.